समोर कोणी नसताना

मुंबईत वर्सोव्याकडे, आरामनगरच्या गल्ल्यांतून ऑडिशनसाठी फिरणाऱ्या नटांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात: प्रोफाइल आणि वर्क लिंक. प्रोफाइलमध्ये फोटो, उंची, वय, येणाऱ्या भाषा. वर्क लिंक म्हणजे केलेल्या कामाचे निवडक तुकडे जोडून तयार केलेली दीड-दोन मिनिटांची फीत. तिलाच कोणी डेमो रील म्हणतं, कोणी शोरील. ज्याच्या गाठीला अजून पडद्यावरचं काम नाही, तो घरीच मोबाइलसमोर एखादा प्रवेश करून पाठवतो. ती सेल्फ टेप. २०२०च्या टाळेबंदीपासून तर पहिली निवड बऱ्याचदा अशा टेपवरच होते.

या फितीकडे बहुतेक जण नोकरीच्या अर्जासारखं पाहतात. मला ती रस घेऊन पाहण्याची गोष्ट वाटते. तिथे अभिनय अगदी उघडा असतो. नेपथ्य सावरून घेत नाही, पार्श्वसंगीत भाव पुरवत नाही, आधीच्या दोन अंकांची पुण्याई पाठीशी नसते. एक चेहरा, एक आवाज आणि मोजके क्षण. एवढ्यात पाहणाऱ्याला एक माणूस भेटला पाहिजे. असा माणूस भेटवण्याची कला आपल्याला नवी नाही. छत्रपती संभाजीनगरच्या रंगकर्मींनी ती फार पूर्वी, कॅमेऱ्याशिवाय, मोठ्या उंचीवर नेली आहे. वाळूजच्या नटाने आपली रील करायला घेताना सगळ्यात आधी आपल्या या शेजाराकडे पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

वाळूजचं नाव मुद्दाम घेतलं. शहरातून नगर-पुण्याच्या रस्त्याला लागलं की ही औद्योगिक वसाहत लागते. १९८५ साली इथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. सुटे भाग करणाऱ्या कंपन्या आल्या, बजाजनगर वसलं, रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी ही गावं भाड्याच्या खोल्यांनी भरून गेली. बीड, जालना, परभणी, बुलढाणा, जळगाव अशा कुठून कुठून आलेली पोरं इथे पाळ्यांमध्ये काम करतात. त्यांतली काही जण काम सुटल्यावर तालमीला जातात, कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत किंवा हौशी राज्य नाट्य स्पर्धेत उभी राहतात. अशा नटाला मुंबईची एक ऑडिशन म्हणजे रात्रीचा प्रवास, परतीची रात्र आणि कामाचे खाडे. म्हणून त्याच्याआधी त्याची रील मुंबईला पोचते. ती करायला बसलं की पहिली अडचण हीच येते, की क्यू, म्हणजे समोरच्या पात्राचं वाक्य, द्यायला कोणी नाही. खोलीतला जोडीदार दुसऱ्या पाळीला गेलेला आहे आणि समोर आहे तो डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. ज्याच्याशी बोलायचं तो माणूसच नाही, आणि तरी तो आहे असं पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे. रीलमधली खरी परीक्षा ही आहे.

या परीक्षेत लखलखीत यश मिळवलेला नट याच शहरातला. प्रा. लक्ष्मण देशपांडे (१९४३–२००९) इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवत. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग त्यांनीच लिहिला आणि त्यांनीच गाजवला. मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं वऱ्हाड लग्नासाठी थेट लंडनला निघतं, एवढंच कथानक. त्यात बावन्न पात्रं, आणि ती सगळी एकच नट सुमारे तीन तासांत उभी करतो. गिनीज बुकाने या प्रयोगाची नोंद घेतली आणि बावन्न हा आकडा त्याला कायमचा चिकटला.

आकड्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण केवळ बावन्न आवाज ऐकायचे म्हटले, तर एखादा तयारीचा नकलाकारही ते काढून दाखवील. ‘वऱ्हाड’चा रस आवाजांच्या संख्येत नाही. तो दोन पात्रांच्या मधल्या सांध्यात आहे. विमानातला प्रवास आठवून पाहा. गावाच्या शिवेबाहेरचं जग फारसं न पाहिलेली माणसं एकदम आभाळात येऊन बसली आहेत. रंगमंचावर मात्र एकच माणूस आहे, अंगात साधे कपडे, जवळ एक उपरणं. एक पात्र शेजारच्याला काही विचारतं. विचारताना नटाची नजर शेजाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर जाऊन ठरते. बसलेल्याशी बोलायचं तर नजर खाली, पुढच्या रांगेतल्याला हाक मारायची तर मान लांब, लहान पोराला दटावायचं तर हनुवटी छातीकडे. या जागा एकदा ठरल्या की ढळत नाहीत. त्यामुळे थोड्याच वेळात प्रेक्षकाला कोण कुठे बसलंय ते पाठ होतं. रिकाम्या रंगमंचावर आसनं दिसू लागतात, आणि ती नटाच्या नजरेनेच मांडलेली असतात.

मग उत्तर देणाऱ्याची पाळी येते. इथे डोळ्यांत तेल घालून पाहावं. मान वळते, खांदा पडतो, उपरण्याची घडी दुसरीकडे जाते आणि आवाज फुटण्याआधी, निमिषभर, तो दुसरा माणूस ऐकून घेताना दिसतो. प्रश्न त्याच्या कानावर पडला, त्याला तो पटला किंवा झोंबला, आणि मग तो बोलला. आवाज बदलण्याआधी ऐकणं बदलतं. नक्कल आणि अभिनय यांतला फरक नेमका या निमिषात आहे. नकलाकार आवाजापासून सुरुवात करतो. देशपांडे कानापासून करत. म्हणून त्यांची पात्रं एकामागून एक येत नाहीत, सगळी एकाच वेळी तिथे असतात. एक बोलत असतं तेव्हा बाकीची आपल्या मनात ऐकत बसलेली असतात.

या माणसांवर देशपांड्यांचं प्रेम आहे, हेही त्या ऐकण्यातूनच कळतं. जानरावासारखं पात्र घ्या. त्याच्या अडाणीपणावर हसवून मोकळं होणं अगदी सोपं होतं. पण जानराव समोरच्याचं म्हणणं आपल्या परीने पूर्ण समजून घेतो, आपल्या गावाच्या मापाने त्याचा अर्थ लावतो आणि पूर्ण आत्मविश्वासाने उत्तर देतो. त्या आत्मविश्वासामागे एक आख्खं जग उभं असतं. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता जानरावाच्या बाजूचा होतो. विनोदी प्रवेश रीलमध्ये घालणाऱ्या प्रत्येक नटाने हे पुन्हा पुन्हा पाहावं. विनोद करणाऱ्याला आपण विनोद करतोय हे ठाऊक नसलं पाहिजे. त्याला फक्त आपलं म्हणणं समोरच्याच्या गळी उतरवायचं असतं.

भाषेचंही तसंच. नाटकातलं शुद्ध मराठी पुण्या-मुंबईच्या उच्चारांवर बेतलेलं असण्याच्या काळात देशपांड्यांनी मराठवाड्याची बोली तीन तास रंगमंचाच्या मध्यभागी ठेवली. ती चवीपुरती नव्हती. माणसं त्याच बोलीत रागावत, लाजत, हिशेब करत, हळवी होत. पुढे मकरंद अनासपुरे यांनी हीच बोली मराठी चित्रपटात नायकाच्या तोंडी आणली आणि महाराष्ट्रभर तिची गोडी लावली. वाळूजच्या नटाजवळ तर एकाच चहाच्या टपरीवर चार जिल्ह्यांचं मराठी आहे. परभणीचा विचारतो, “काय करायलास?” बुलढाण्याचा विचारतो, “काय करू राहिला?” दोघांचा सूर वेगळा, वाक्य संपवण्याची तऱ्हा वेगळी. हे धन सोडून पोरं रीलमध्ये कुठल्या तरी गाजलेल्या हिंदी चित्रपटातला न्यायालयाचा प्रवेश करतात. पाहणाऱ्याच्या मनात मूळ नट आधीच बसलेला असतो. मग नव्याच्या वाट्याला फक्त तुलना येते. आपल्या कानाने गोळा केलेली बोली कुणाशीच तोलता येत नाही.

देशपांडे यांच्यानंतर माजलगावचे संदीप पाठक यांनी ‘वऱ्हाड’ रंगमंचावर चालू ठेवलं. संहिता तीच, पात्रं तीच, पण अंगकाठी वेगळी, लय वेगळी, पिढी वेगळी. तरी प्रयोग उभा राहतो, कारण त्याचा पाया एका गळ्याच्या करामतीवर नाही. एकाने दुसऱ्याला ऐकण्यावर आहे, आणि ते दुसऱ्या नटालाही आपल्या पद्धतीने करता येतं.

दुसरं उदाहरण याच शहरातून घडून निघालेल्या माणसांचं. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी हे ‘जिगीषा’चे, ही संस्था तेव्हाच्या औरंगाबादेतल्या नाटकवेड्या तरुणांची. दळवींनी लिहिलेलं आणि कुलकर्णींनी बसवलेलं ‘चारचौघी’ १९९१ साली रंगमंचावर आलं. आई आणि तिच्या तीन मुली. नवऱ्याचे दुसऱ्या बाईशी संबंध आहेत हे कळल्यावर थोरली विद्या आईकडे आली आहे. ती त्याच्याशी फोनवर बोलते. हा फोनचा प्रवेश दीर्घ आहे, आणि या सगळ्या वेळात आपल्याला ऐकू येते ती एकटी विद्या. वंदना गुप्ते यांनी तो गाजवला. २०२२ साली नाटक नव्या संचात आलं तेव्हा मुक्ता बर्वे यांनी तो केला, आणि तीस वर्षांनंतरच्या प्रेक्षकांनीही तो तितकाच श्वास रोखून पाहिला.

नटाच्या दृष्टीने या प्रवेशाची मांडणी विलक्षण अवघड आहे. ‘वऱ्हाड’मध्ये निदान दुसऱ्या पात्राचं उत्तर नट स्वतःच देतो. इथे उत्तर कोणीच देत नाही. नवरा दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही. हातात रिसीव्हर, त्याला वायर, त्यामुळे फार हलताही येत नाही. अंग एका जागी बांधलेलं आणि मन सैरभैर. प्रेक्षकाला संभाषणाचा अर्धा भागच मिळतो, उरलेला अर्धा त्याला नटीच्या चेहऱ्यावरून लावावा लागतो. विद्या विचारते आणि थांबते. त्या थांबण्यात पलीकडचा माणूस बोलत असतो. तो सारवासारव करतोय का, चिडतोय का, गप्प बसलाय का, हे तिच्या ऐकण्यातून आपल्यापर्यंत येतं. बघता बघता आपल्याला तो नवरा दिसू लागतो. त्याच्याबद्दल आपलं मतही तयार होतं. रंगमंचावर पाऊल न ठेवलेल्या माणसाला आपण ओळखू लागतो, ही सगळी कमाई ऐकण्याची.

फोनवरचं बोलणं आपण मालिकांमध्ये रोज पाहतो. पात्र फोन उचलतं आणि पलीकडच्याचं वाक्य मोठ्याने पुन्हा म्हणून दाखवतं: “काय? अपघात झाला? कुठे? घाटात?” प्रेक्षकाला माहिती मिळते, पण माणूस मिळत नाही. माणसावर खरा आघात झाला की तो समोरच्याचे शब्द परत म्हणत बसत नाही. ते आत उतरायला त्याला वेळ लागतो. ‘चारचौघी’च्या प्रवेशात तो वेळ दिलेला आहे. पलीकडच्या न ऐकू येणाऱ्या वाक्याला त्याची पूर्ण लांबी मिळते. एखादं वाक्य लांब असतं, एखादं तुटक, एखादं मध्येच तोडलेलं. ही लांबी नटीने आतून मोजलेली नसेल तर प्रवेश दोन मिनिटांत कोसळेल. म्हणजे नवऱ्याचे संवाद कुणी बोलत नसलं तरी नटीला ते शब्दन् शब्द ठाऊक असावे लागतात.

आणखी एक गोष्ट या प्रवेशात घडते. फोन उचलणारी विद्या आणि फोन ठेवणारी विद्या एक नाही. बोलणं सुरू होताना तिच्या मनात काही शिल्लक असतं. संपताना ती दुसऱ्याच जागी पोचलेली असते. हे अंतर एका उडीत कापलेलं नाही. दर थांब्याला ती थोडी पुढे सरकते. अभिनयाचा तुकडा कसा निवडावा, याचं उत्तर मला इथे मिळतं. ज्या तुकड्याच्या सुरुवातीला माणूस एका मनःस्थितीत आहे आणि शेवटी दुसऱ्या, तो तुकडा रीलचा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतंच रडणं किंवा नुसतंच ओरडणं असलेला तुकडा कितीही तडफेने केला असला, तरी तो एकाच भावाचं छायाचित्र असतो.

महाराष्ट्रातली चलत्‌चित्राची एक जुनी नमुना-फीतही नेमकी बदलाचीच होती. दादासाहेब फाळके यांना चित्रपट काढायचा होता आणि पैसे हवे होते. भांडवल घालणाऱ्याला पटवण्यासाठी त्यांनी लढाई किंवा राजदरबार चित्रित केला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोवला आणि ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत रोप वाढेपर्यंत महिनाभराहून अधिक काळ ते काम चालवलं. पडद्यावर काही क्षणांत बीजातून अंकुर फुटला, वेल वर चढला. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल मिळालं आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लोकांसमोर आला. फाळक्यांनी त्या छोट्या फितीत भव्यता दाखवली नाही. एक साधी गोष्ट डोळ्यांदेखत बदलताना दाखवली. पाहणाऱ्याला चिकाटी, तंत्रावरची पकड आणि नजर हे तिन्ही एका रोपट्यात दिसलं. नटाच्या रीलनेही एवढंच करायचं आहे. रोपाच्या जागी माणूस.

आता वाळूजच्या त्या खोलीत येऊ आणि ही समज घेऊन रील कशी घडेल ते पाहू.

पहिली गोष्ट ओळख. नाव, वय, उंची, गाव, कोणत्या भाषा येतात; मग चेहरा डावीकडून, उजवीकडून, आणि दोन्ही हात. ऑडिशनच्या भाषेत याला इंट्रो म्हणतात. तो साधा असावा. केस, दाढी, वजन आज जसं आहे तसंच दिसावं, कारण पाहणारा भूमिकेला माणूस शोधत असतो आणि दोन वर्षांपूर्वीचा चेहरा त्याच्या उपयोगाचा नसतो. रीलच्या तोंडाशीच ओळख हवी की शेवटी, हे मागणारा सांगतो. सांगितलं नसेल तर सगळ्यात चांगला तुकडा आधी ठेवावा. पाहणाऱ्याच्या रांगेत अशा कितीतरी टेप असतात आणि पुढे पाहायचं की नाही हे पहिल्या काही क्षणांतच ठरतं. नावाच्या फिरत्या अक्षरांत, धुरात आणि संगीतात ते क्षण घालवणं म्हणजे हातातली संधी सोडणं.

दुसरी गोष्ट जागा. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर आणि आडवा. फार जवळ ठेवला तर नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोन पावलं मागे घेऊन चेहरा आणि छाती चौकटीत बसवली की चेहऱ्याची प्रमाणं नीट येतात. उजेड खिडकीचा, तो तोंडावर येईल असं उभं राहायचं. मागे रिकामी भिंत. पंखा बंद. लहान, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून कॅमेऱ्याच्या मागे आणि बाजूला गोधड्या टांगाव्यात. घुमारा बराच कमी होतो. कारखान्यांच्या परिसरात कॉम्प्रेसरची घरघर आणि नगर रोडवरच्या ट्रकचे हॉर्न अंगवळणी पडलेले असतात, आपल्या कानाला ते जाणवतही नाहीत, पण माइकला जाणवतात. प्रवेशाआधी थोडा वेळ नुसती शांतता रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकावी. चित्र थोडं कमी सफाईदार असलं तर पाहणारा चालवून घेतो. शब्द कळला नाही तर टेप तिथेच थांबते.

तिसरी गोष्ट, आणि सगळा जीव इथेच आहे, ती समोरच्या माणसाची. क्यू द्यायला कोणी मिळालं तर त्याला कॅमेऱ्याला अगदी लागून उभं करावं, म्हणजे नटाचे दोन्ही डोळे दिसतात. त्याने वाक्य सरळ, हलक्या आवाजात वाचावं. माइकच्या जवळ तो असतो, त्याने अभिनय सुरू केला तर टेप त्याचीच होते. कोणीच नसेल तर ‘वऱ्हाड’ची रीत आपली आहे. भिंतीवर, कॅमेऱ्याच्या बाजूला, समोरच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर एक खूण करायची. दोन माणसांशी बोलायचं असेल तर दोन खुणा, आणि त्यांत अंतर थोडं. फार अंतर ठेवलं तर नट पंख्याकडे आणि दाराकडे बघतोय असं वाटतं. मग ‘चारचौघी’ची रीत. समोरच्याचे सगळे संवाद कागदावर लिहून काढायचे, पाठ करायचे आणि प्रवेश चालू असताना मनात पूर्ण ऐकायचे. आपलं वाक्य त्या न ऐकू येणाऱ्या वाक्यातून उगवलं पाहिजे. हे करून पाहिलेला नट आणि नुसती आपली वाक्यं घोकलेला नट यांतला फरक अगदी लहान पडद्यावरही ओळखू येतो. पहिल्याचे डोळे काम करत असतात. दुसऱ्याचे डोळे पुढच्या वाक्याची वाट बघत असतात.

विषय कुठून आणायचा? वाळूजमध्ये विषयांना तोटा नाही. समजा, एका कामगाराचं कंत्राट संपल्याचा प्रवेश आहे. सुपरवायझर त्याला गेटजवळ बाजूला घेऊन सांगतोय. कामगाराला वाक्यं तीन-चारच: हो साहेब, कधीपासून, बरं. रीलसाठी कोणीही म्हणेल की यात नटाला काही वाव नाही, त्याला एक मोठं स्वगत द्या. मला हाच तुकडा मोलाचा वाटतो. पहिल्या “हो साहेब”ला त्याला वाटतंय की जादा पाळी लावायची म्हणून बोलावलं. मग साहेब बोलत राहतात आणि त्याच्या चेहऱ्यावरचं तयार हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेनासं होतं. “कधीपासून” विचारताना आवाज व्यवहाराचा आहे, पण मन खोलीच्या भाड्यापाशी, गावी पाठवायच्या पैशांपाशी पोचलंय. शेवटचं “बरं” साहेबाची अडचण होऊ नये म्हणून आहे. तीन वाक्यांत माणूस इथून तिथे गेला. साहेब कुठेही दिसला नाही, तरी तो कसा उभा आहे, नजर चुकवतोय का, हे आपल्याला कळलं. हा तुकडा पाऊण मिनिटाचा होईल, आणि त्यात नटाची अख्खी कुवत दिसेल.

त्याच्या जोडीला विरुद्ध स्वभावाचा दुसरा तुकडा हवा. आषाढीला वाळूजच्या धाकट्या पंढरपुरात गर्दी लोटते. त्या गर्दीत गावाकडचा जुना मित्र अचानक भेटतो असा हलका, बोलीतला प्रवेश. पहिल्यात माणूस मिटत जातो, दुसऱ्यात खुलत जातो. असे दोन, फार तर तीन तुकडे पुरेत. पाच-सहा वेश, पगडी, दाढी, पोलिसाची टोपी लावून केलेली रील कपड्यांची विविधता दाखवते. विविधता माणसांची हवी, आणि ती ऐकण्याच्या तऱ्हेतून येते. कोणी मान डोलवत ऐकतं, कोणी ओठ मिटून, कोणी समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार करून.

स्पर्धेच्या नाटकाचं चित्रण अनेकांकडे असतं आणि तेच रील म्हणून पाठवावंसं वाटतं. पण मागच्या रांगेतून घेतलेल्या चित्रात चेहरा नखाएवढा दिसतो आणि आवाज नाट्यगृहात घुमलेला असतो. शिवाय शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवलेला आवाज आणि हातवारे कॅमेऱ्याला जास्त होतात. तो प्रवेश चांगला असेल तर तोच पुन्हा खोलीत, हाताच्या अंतरावरच्या माणसाला सांगितल्यासारखा करावा. नाटकाने दिलेली भावनेची खोली तशीच ठेवायची, फक्त पल्ला कमी करायचा.

शेवटची गोष्ट संकलन. मालिकेत किंवा लघुपटात मिळालेल्या छोट्या कामातून रील काढताना नट आपली वाक्यं तेवढी निवडतो आणि मधल्या जागा उडवतो. वेळ वाचतो, पण त्याच जागांत त्याचा अभिनय होता. नामवंत नट बोलतोय आणि आपण नुसते ऐकतोय असा शॉट बहुतेक जण टाकून देतात. त्या शॉटमध्ये आपल्या चेहऱ्यावर काही घडत असेल तर तो रीलचा उत्तम शॉट आहे. कोणाकडे पाहायचं याचा घोळ होऊ नये म्हणून तुकडा आपल्या जवळच्या शॉटने सुरू करावा, एवढी काळजी पुरे. गाणी, झपाट्याने सरकणारी चित्रं, पडद्यावर उमटणारी विशेषणं यांनी रील चकचकीत होते आणि नट झाकला जातो.

देशपांड्यांना बावन्न माणसं उभी करायला एक उपरणं पुरलं. ‘चारचौघी’च्या विद्याला पलीकडचा नवरा जिवंत करायला एक रिसीव्हर पुरला. यातलं काहीही महाग नव्हतं, दुर्मीळ नव्हतं, मुंबईहून आणलेलं नव्हतं. लागली ती समोरच्या माणसाबद्दलची आस्था, तो काय म्हणतोय हे खरोखर जाणून घेण्याची ओढ. पाळ्यांमध्ये, सामायिक खोल्यांमध्ये, चार जिल्ह्यांच्या बोलींमध्ये राहणाऱ्या नटाला ही आस्था रोजच्या जगण्यातून मिळते. ती घेऊन त्याने मोबाइल सुरू करावा, आणि पहिलं वाक्य बोलण्याआधी समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यावं. पाहणारा माणूस जाणता असेल, तर भूमिका कोणाला द्यायची हे त्याला तिथेच कळेल.